वऱ्हाडातून दिसणारे लिनक्सचे जग

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही लोणारला होतो. काम नेहमीचेच, रीतसर परवानगी काढून विवराच्या काठावरील खडक पाहणे आणि नमुने बांधणे. दिवसभर हिंडून झाले की संध्याकाळी गावात चहाला बसायचे. तेथे ओळख झालेले एक गुरुजी एके दिवशी आम्हाला आपल्या शाळेत घेऊन गेले. संगणकाच्या खोलीत अकरा संगणक होते. दहा वर्षांपूर्वी देणगीतून मिळालेले, वरून धुतलेले रुमाल पांघरलेले. सुरू केल्यावर एकेका पडद्यावर तीच सूचना उमटली. विंडोज १० या प्रणालीच्या नियमित सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या होत्या, आणि पुढची विंडोज ११ या यंत्रांवर चढत नव्हती. तिला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते.

"सर, दुकानदार म्हणते हे आता भंगारात द्या," गुरुजी म्हणाले. "नवे अकरा घ्यायचे म्हणजे पैसे कुठून आणावं आम्ही?"

आणखी एक वर्ष वाढीव संरक्षण नोंदवून घेण्याची सोय होती, पण त्याने दुखणे एक वर्ष पुढे गेले असते इतकेच.

आता योगायोग पाहा. लिनक्सच्या जगात त्या वर्षीची मोठी वार्ता नेमकी हीच होती. केडीई या मुक्त संगणक-प्रकल्पाच्या मंडळींनी इतरांना बरोबर घेऊन 'एंड ऑफ टेन' नावाची मोहीम चालवली होती. जुना संगणक टाकू नका, त्यावर लिनक्स चढवा आणि जमत नसेल तर आपल्या जवळचा मदतनीस शोधा, असा तिचा सरळ संदेश होता. प्रश्न लोणारात होता आणि उत्तर तयार होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. नाटकाचे आणि पुस्तकाचे परीक्षण होते, तसे एखाद्या चळवळीच्या मेळाव्यांचे आणि तिच्या वार्तांचेही व्हायला हवे, असे आम्हाला तेव्हापासून वाटू लागले. पुढील मजकूर हा तसा प्रयत्न आहे. आम्ही स्वतः गेली अनेक वर्षे प्रयोगशाळेत लिनक्सच वापरतो, तेव्हा ही टीका घरातल्या माणसाची आहे हे आधीच सांगून टाकतो.

बहुतेक वाचकांना पूर्वपीठिका ठाऊक असेल, थोडक्यात सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली कोणालाही वापरता यावी, तपासता यावी, बदलता यावी आणि वाटता यावी, ही त्याची भूमिका. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या प्रणालीच्या गाभ्याची घोषणा केली, आणि १९९२ साली तो गाभा ग्नूच्या परवान्याखाली आणला. गाभा एकाचा, भोवतालची हत्यारे दुसऱ्यांची, आणि हे सारे एकत्र बांधून देणाऱ्या डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा निरनिराळ्या मंडळ्या, असा हा संसार आहे.

विज्ञानशिक्षकाला हे समजावण्यासाठी लोणारसारखे उदाहरण नाही. हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी येथील खडकांत मॅस्केलिनाइट दाखवला. तीव्र आघाताने फेल्डस्पार या खनिजाची काचेसारखी अवस्था होते, तो हा पदार्थ. उल्केच्या बाजूने पारडे झुकले ते यामुळे. मग वयाचा प्रश्न. उष्मादीप्तीच्या पद्धतीने हे वय सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ साली आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते ५,७०,००० वर्षांच्या आसपास निघाले. दहापटीहून अधिक फरक! पण दोन्ही वेळी पद्धत आणि आकडे उघड्यावर मांडलेले होते, म्हणून दुसऱ्याला पहिल्याचे उत्तर तपासता आले. ज्या आज्ञावलीचा आतला मजकूर बंद पेटीत असतो, तिच्याबाबत ही सोय नसते. तिने काढलेले उत्तर आपण विश्वासाने घेतो.

आता मेळाव्यांकडे वळू. महाराष्ट्रात ते नाहीत असे मुळीच नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या काळात फेडोराचा 'फडकॉन' मेळावा भरला. २०१५ साली तो पुन्हा पुण्यातच झाला. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' कित्येक वर्षे भरत असे. केडीईच्या भारतीय मंडळींनी २०२४ च्या फेब्रुवारीत आपली परिषद सीओईपीतच घेतली. मुंबईची फ्रापे ही कंपनी आपली व्यापारी आज्ञावली मुक्त परवान्याखाली देते, आणि तिच्यासह उभ्या राहिलेल्या फॉस युनायटेडच्या बैठका अनेक शहरांत होतात. या सगळ्यांत राबणारे हात बहुधा विद्यार्थ्यांचे आणि नोकरी सांभाळून आलेल्या तरुणांचे असतात, आणि त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. या मेहनतीविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तरीही यादी पुन्हा वाचा. पुणे, पुणे, पुणे, मुंबई. संगणकाचे उद्योग तेथे आहेत, म्हणून माणसेही तेथे आहेत, हे कळते. न कळणारी गोष्ट निराळी आहे. अशा एका मेळाव्याला (नाव सांगत नाही, ते महत्त्वाचे नाही) आम्ही दोन दिवस पूर्ण बसलो. व्याख्याने चांगली होती. मेघ-संगणन, सर्व्हरची जुळणी, नव्या आवृत्तीत आलेल्या सोयी, एका प्रकल्पातून फुटून दुसरा का निघाला त्याची हकिकत. एकूण एक इंग्रजीत. चहाच्या वेळी तीच मंडळी आपापसांत अस्सल मराठीत बोलत होती, व्यासपीठावर चढली की भाषा बदले. नवशिक्यांसाठी एक सत्र होते. ते जेवणाच्या वेळेला, मागच्या छोट्या वर्गात लावलेले. शाळामास्तर म्हणावा असा माणूस आम्हाला सबंध मेळाव्यात एकच भेटला, आणि तो एका आयोजकाचा काका निघाला. दुसऱ्या बाजूनेही सांगितले पाहिजे. आमच्या जुन्या प्रोजेक्टरचे लिनक्सशी जुळत नव्हते, तर तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आपले जेवण सोडून अडीच तास त्यावर घालवले आणि ते जुळवून दिले. ही वृत्ती पैशाने विकत मिळत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ती वृत्ती मागच्या वर्गात होती आणि व्यासपीठावर गाजावाजा आवृत्त्यांचा होता.

वार्तांचेही तसेच. लिनक्सविषयीची बातमीपत्रे उघडली की अमुक वितरणाची अमुक आवृत्ती आली, पडद्याची रचना बदलली, दोन पुढाऱ्यांत खटका उडाला, हेच अधिक. शाळेच्या दृष्टीने त्यांत फारसे काही नसते. पण मधूनच एखादी वार्ता अशी येते की ती वर्गात वाचून दाखवावी. २९ मार्च २०२४ ची वार्ता त्यांपैकी होती, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे.

आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर आपल्या डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होता. दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या एका नेहमीच्या क्रियेला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्याच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आपण तो पंख्याच्या रेग्युलेटरला दोष देऊन सोडून दिला असता. त्याने माग काढला. तो एक्सझेड नावाच्या, फायली लहान करणाऱ्या छोट्या साधनापर्यंत गेला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरून ठेवली होती. हे साधन असंख्य संगणकांत बसलेले असते. ते सांभाळणारा मूळ माणूस एकटा, बिनपगारी आणि थकलेला. दोन वर्षांहून अधिक काळ मदतीचे सोंग घेऊन एका टोपणनावाने त्याचा विश्वास संपादन केला आणि मग घात केला. चोरवाट सर्वत्र पसरण्याआधी सापडली. सापडवणारा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचा नोकर होता, हेही नमूद करू, म्हणजे या विषयात पक्ष पाडून बोलणाऱ्यांना जरा विचार करावा लागेल.

या घटनेवर मुक्त आज्ञावलीच्या जगात दोन प्रकारे लिहिले गेले. काहींनी विजयोत्सव केला: पाहा, सर्व उघडे असल्यानेच चोर सापडला. ते निम्मे खरे आहे. मजकूर बंद असता तर फ्रॉइंडला माग काढणे फार कठीण गेले असते. पण मजकूर उघडा असूनही तोवर तो कोणी वाचला नव्हता, आणि चोरवाटेचा महत्त्वाचा भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवलेला होता. पाहणारे पुष्कळ असल्याने दोष लपत नाहीत, हा या चळवळीचा आवडता दावा आम्हाला म्हणूनच अपुरा वाटतो. पाहण्याची मुभा असणे आणि कोणी प्रत्यक्ष पाहत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोणारच्या काठावरून शेकडो वर्षे माणसे खाली पाहतच होती. त्या खडकाचा पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा कोणी यावा लागला.

प्रत्यक्ष पाहणारे वाढवायचे तर ते शाळेतून येतील, आणि येथे महाराष्ट्राचा हिशेब फारसा समाधानकारक नाही. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यांत संगणक नेला. हे मोठे काम आहे. मात्र त्यातला भर प्रामुख्याने विंडोजवर आणि तिच्या ऑफिसवर राहिला. 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र राज्य, पण शिकणाऱ्याला दुसराच अर्थ वाटला तर त्याला हसू नये. याच काळात केरळने शालेय शिक्षणातील संगणक टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर नेले. त्यांनी आधी शिक्षक तयार केले, नंतर यंत्रे बदलली. तेथील गुरुजी प्रणाली स्वतः चढवतात, बिघडली तर स्वतः उतरवतात. आपल्याकडे बिघडले की मेहकरहून माणूस येण्याची वाट पाहायची.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळ खैराट येथील एका छोट्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाची हिरवी यंत्रे आली. त्यांत लिनक्सवर चालणारी 'शुगर' नावाची प्रणाली होती. या यंत्राच्या की-बोर्डवर एक अशी कळ होती, जी दाबली की चालू असलेल्या कार्यक्रमाचा आतला मजकूर समोर यावा. खेळणे उघडून आत काय आहे ते पाहणाऱ्या मुलासाठी याहून चांगली कळ सुचणार नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही मुक्त आज्ञावली शाळेत नेण्याचे काम वर्षानुवर्षे झाले. पण अशा प्रयोगांच्या आगमनाच्या वार्ता जेवढ्या आल्या, तेवढ्या दुसऱ्या आणि पाचव्या वर्षाच्या आल्या नाहीत. ही वार्ताहरांचीच नव्हे, आम्हा शास्त्रज्ञांचीही खोड आहे.

मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आम्हाला या सर्वांत अधिक टिकाऊ वाटतो. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. साधारण दहा मिनिटांची एक चित्रफीत; पडद्याच्या अर्ध्या भागात ती चालू ठेवायची, उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून पाहायचे. शिक्षक जवळ नसेल तरी चालावे अशी रचना आहे. निवेदन मराठीतही मिळते. दोष असा की आवाज मराठी, पण पडद्यावरचे शब्द इंग्रजी. पुढे नोकरीत इंग्रजी पडदाच समोर येणार, म्हणून हे मुद्दाम ठेवलेले आहे. महाविद्यालयासाठी ते युक्त असेल. सातवीतल्या मुलीला मात्र कानाने 'जतन करा' ऐकून डोळ्यांनी 'सेव्ह' शोधावे लागते. निवेदनाची भाषाही लिहून वाचलेली वाटते. कोणा चांगल्या शिक्षकाने तोच पाठ बोलून दिला असता तर!

पडद्यावरच्या मराठीची स्थिती आणखी विचित्र आहे. गुरुजींच्या एका संगणकावर आम्ही लिनक्स चढवून भाषा मराठी केली. वरची यादी मराठीत आली, तिच्या आतली निम्मी इंग्रजीत राहिली. एका ठिकाणी 'साठवा', दुसऱ्या ठिकाणी त्याच अर्थाने 'जतन करा'. भाषांतर करणारे थोडे, तेही निरनिराळ्या वर्षांतले, आणि प्रणाली दर सहा महिन्यांनी नवी. शेपूट वाढतच जाते. टंकांच्या बाबतीत चित्र बरे आहे. रेड हॅटने २००४ साली खुले केलेले 'लोहित' टंक, नंतर मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू', यांमुळे फुकट आणि देखण्या देवनागरीची वाण राहिलेली नाही.

पण अक्षर दिसणे आणि ते संगणकाला ओळखता येणे यांत फरक आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला रफार नसलेला, पापणीसारखा अर्धा र हे मराठीचे वैशिष्ट्य. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या, हा भेद त्यावरच उभा. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडून, दोन, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. गुरुजींनी एका पद्धतीने टंकलेली टाचणे आणि त्यांच्या सहकाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टंकलेली टाचणे आम्ही एकत्र केली आणि 'वऱ्हाड' शोधायला सांगितले. निम्मे वऱ्हाड सापडले, निम्मे हरवले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे आमचा बुलढाणा राहिला आणि अमरावती गेली!" हा दोष पुण्याच्या व्यासपीठावर कोणी मांडल्याचे आम्ही ऐकले नाही. तेथे इंग्रजीत बोलणाऱ्याला तो भेटतच नाही. तो रोज मराठी टंकणाऱ्यालाच भेटतो, म्हणजे मास्तरांना, तलाठ्यांना, छापखानेवाल्यांना. दोष दुरुस्त करणारे आणि दोष सोसणारे यांची गाठ पडत नाही, ही या मेळाव्यांवरची आमची मुख्य तक्रार आहे.

शाळेत पुढे काय झाले तेही सांगतो. अकरापैकी आठ यंत्रांवर एक हलके वितरण नीट बसले. एकाची डिस्क मेलेली निघाली. उरलेली दोन गुरुजींनीच तशीच ठेवायला सांगितली, कारण जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व टंकात होत्या आणि लिनक्सवर त्या उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसे. ती दोन यंत्रे आता इंटरनेटला न जोडता वापरायची असे ठरले. प्रिंटरने पहिल्या दिवशी दाद दिली नाही, दुसऱ्या दिवशी दिली; का, ते आम्हालाही नीट सांगता येणार नाही.

मग एक तास घेतला. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते, ते मुलांना आठवत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांत हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दाखवले होते. लँडसॅट उपग्रहाची २५ मे आणि १० जून २०२० ची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-आज्ञावलीत ती उघडली. उघडायला वेळ लागला, चार जीबी स्मृतीच्या यंत्राकडून अधिक अपेक्षाही नव्हती. या चित्रातील एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. तळ्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर धरला तर आडवे चाळीस चौकोन, आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाने एकूण साडेबाराशेच्या आसपास. मुलांनी आधी कागदावर आकडा काढला, मग पडद्यावर मोजले. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे आले. काठावर अर्धे पाणी आणि अर्धी जमीन असलेले चौकोन कोणी धरले होते, कोणी सोडले होते. त्यावर भांडण जुंपले आणि तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही.

आम्ही परतल्यावर गुरुजींनी 'वऱ्हाड'च्या दोषाची नोंद त्या शब्दलेखक आज्ञावलीच्या मंडळींकडे केली. मराठीत लिहिली, खाली मोडक्या इंग्रजीत सारांश दिला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. लिहिणारा कोण, कुठला, ते कळले नाही. दोष मान्य आहे, तपासण्यासाठी दोन्ही प्रकारे टंकलेला खरा मजकूर पाठवाल का, असे त्याने विचारले होते. गुरुजींनी पाचवीच्या भूगोलाची आपली टाचणे पाठवली आहेत, सह्याद्रीतल्या दऱ्यांसकट.